आईसाठी लावलेलं घर

३ मार्च, सोमवार

ही डायरी दातांचं सामान पुरवणाऱ्या कंपनीची. आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये दरवर्षी फुकट येते आणि दरवर्षी मी ती खणात टाकून देते. यंदा लिहायचं ठरवलं, कारण घर लावायचंय आणि कुठली वस्तू कुठे ठेवायची ते डोक्यात राहत नाही.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. बाबांना जाऊन दोन महिने होत आले. लोक विचारतात, कशी आहेस? मी म्हणते, बरी आहे. आणि खरंच बरी आहे. भूक लागते, झोप लागते, कामात हात थरथरत नाही. फक्त सगळं जरा लांबून ऐकू येतं, शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा तसं.

आई-बाबांचं जुनं घर भाड्याचं होतं, ते महिनाअखेर मालकाला परत करायचं. दादा परगावी असतो. वहिनीने फोनवर स्पष्टच सांगितलं, "आई केव्हाही येऊ देत, पण त्या सामानातला चमचासुद्धा आमच्याकडे नको." तिचं चूक नाही. दादाच्या घरात माणसंच अंग चोरून राहतात. तेव्हा आई माझ्याकडे येणार आणि सामानही माझ्याकडे. माझ्या दोन खोल्यांत एक पलंग, एक इस्त्रीचं टेबल आणि जमिनीवर पुस्तकं, एवढंच आहे. राहायला येऊन वर्ष झालं तरी घराला काही घरपण आलेलं नाही. आता येईल.

आज आईला विचारलं, "तुला तिथलं काय काय हवंय?" ती म्हणाली, "मला काही नको."

आमच्या घरात पहिल्या झटक्यात कुणी कशाला हो म्हणत नाही. साधा चहासुद्धा तीनदा विचारावा लागतो. म्हणून मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नको म्हणाली. तिसऱ्यांदा आवाज जरा खाली आला, तो मी होकार धरला.

८ मार्च, शनिवार

सामान आलं. अंग आंबून गेलंय.

आजीचं मोठं कपाट जिन्यात अडकलं. लहानपणी आम्ही त्याला हत्ती म्हणायचो. आज हत्ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जो बसला तो हलेचना. हमाल वैतागले, वरचे खाली जाईनात, खालचे वर येईनात. आमच्या खालच्या मजल्यावर एक मुलगी एकटी राहते, पोहायला शिकवते. केस कायम ओले, म्हणून मी मनातल्या मनात तिला जलपरी म्हणते. तीही बिचारी खांद्यावर टॉवेल टाकून भिंतीला चिकटून उभी होती. शेवटी तिनेच खालून खांदा लावला आणि हत्ती सुटला.

बाकी जेवणाचं टेबल, त्याच्या कोरीव पाठीच्या आठ खुर्च्या, काचेचं कपाट आतल्या चिनी मातीच्या भांड्यांसकट, मोठा आरसा आणि आजीचा पलंग. हे सगळं आजोबांनी कुठल्या कुठल्या लिलावातून आणलेलं. दादा सुट्टी काढून आला होता. दारात उभा राहून म्हणाला, "अगं, हे घर आहे की गोदाम?" म्हटलं, लागेपर्यंत गोदाम, लागल्यावर घर.

आई खाली फाटकाशी आपली सुटकेस घेऊन उभी होती. मुकादमाने तिला विचारलं, "आजी, हे सगळं तुमचं का?"

"नाही नाही, माझं नाही," आई म्हणाली. "घरचं आहे."

मला ते उत्तर फार आवडलं. एवढा मोकळेपणा माझ्यात कधी येणार, असं वाटून गेलं.

९ मार्च, रविवार

दिवसभर लावत बसले. जुन्या घरातल्या दिवाणखान्यात काढलेला घरच्यांचा एक फोटो आहे, तो भिंतीला चिकटवला आणि त्याबरहुकूम एकेक वस्तू ठेवली. खोली लहान आहे, त्यामुळे चालायला अंग आडवं करावं लागतं. पण जागा म्हणजे जागा. टेबल मधे, त्याच्या टोकाला बाबांची खुर्ची. त्यांच्याआधी तिथे आजी बसायची. समोरच्या भिंतीवर आरसा, स्वयंपाकघराच्या दाराकडे किंचित तिरका. तो तिरका का, कुणास ठाऊक. सरळ केला तर कसातरीच दिसायला लागला, म्हणून फोटोत आहे तसाच ठेवला.

आई हॉलमध्ये आली, सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे." मग म्हणाली, "फडकी कुठे ठेवलीस?"

रविवार म्हणजे लाकूड पुसायचा दिवस. आजीच्या वेळेपासून तसंच. आधी कोरडं फडकं, मग तेलाचं, मग पुन्हा कोरडं. मी म्हटलं, "आज राहू दे, दमलीस." ती म्हणाली, "रविवार आहे ना." गुडघ्यावर बसली आणि टेबलाच्या पायांपासून सुरुवात केली. हळूहळू घरभर तेलाचा वास पसरला. लहानपणी रविवारी उठल्या उठल्या हाच वास यायचा आणि वाटायचं, सगळं जागच्या जागी आहे. आजही तसं वाटावं म्हणून मी थोडा वेळ दारात उभी राहिले. वास तोच होता.

१३ मार्च, गुरुवार

लॅबमध्ये गंमत झाली. पेशंट आमच्याकडे सहसा येत नाहीत, डॉक्टरकडून मापं येतात. आज एक म्हातारे गृहस्थ थेट आत आले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून कवळी. म्हणाले, "ही माझ्या थोरल्या भावाची. तो गेला. कवळी अगदी नवीकोरी आहे हो, फार वापरलेली नाही. चांगली वस्तू वाया कशाला घालवायची? जरा घासून मला बसवून द्या."

मालक हसू दाबायला आत पळाले. समजावायचं माझ्यावर आलं. म्हटलं, "काका, ही त्यांच्या हिरड्यांच्या मापाची आहे. तुमच्या तोंडात ती बोचेल, घास गिळवणार नाही, बोलताही येणार नाही. वस्तू चांगली असेल, पण तुमची नाही."

त्यांना पटलं नाही. "भाऊच होता ना माझा," म्हणाले. कवळी रुमालात गुंडाळून घेऊन गेले.

परत येताना सुताराकडे गेले. आजीच्या पलंगाचे पाय आईला उंच पडतात, चढताना तिचे पाय लोंबकळतात. चार बोटं कापून देतो म्हणाला. पलंग जुना आहे, पण थोडं कमीजास्त केलं की आईला मस्त होईल.

१८ मार्च, मंगळवार

आई स्वयंपाकघरात जेवते. मी टेबलावर दोघींची ताटं मांडते. ती म्हणते, "तू हो पुढे, मी गरम गरम आणते." मग माझं जेवण उरकतं आणि ती आत फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात सुटकेसवर बसून जेवते. सुटकेस अजून उघडलेली नाही. हत्तीचा आख्खा एक कप्पा मी तिच्यासाठी रिकामा ठेवलाय. लागेल तसा ती एकेक कपडा काढते आणि पुन्हा झाकण लावते.

दुःख प्रत्येकाचं वेगळं असतं. माझं कुठे आहे, कुणास ठाऊक.

आरशावर तिने चादर टाकली आहे. म्हणाली, उजेड डोळ्यांवर येतो. हॉलमध्ये फारसा उजेड येतच नाही, पण वाद कशाला घाला. संध्याकाळी पाहुणे येणार होते म्हणून मी चादर काढली. त्यांच्यासमोर चहा आणताना आईच्या हातातला ट्रे खडखडला. पाहुणे गेल्यावर मीच चादर परत टाकली.

२६ मार्च, बुधवार

एक चांगली बातमी. आई दुपारची खाली जाते, जलपरीकडे. मला आज जिन्यात जलपरीनेच सांगितलं. "काकू रोज येतात. कधी कधी मी क्लासवरून येते तेव्हा किल्लीने उघडून आधीच बसलेल्या असतात. मीच दिलीय किल्ली."

"काय करता दोघी?"

"काही नाही. मी झोपते. त्या बसतात."

"कशावर बसते?"

"खालीच. माझ्याकडे आहे काय? गादी आणि दिवा." ती हसली. "त्यांना ती रिकामी खोली फार आवडते म्हणाल्या. परवा तर फरशीवर मस्त आडव्या झाल्या होत्या."

मला कसंतरीच झालं. एवढ्या वयाची बाई, गुडघे दुखतात, आणि थंड फरशीवर बसते. वर आठ खुर्च्या असून! शोभतं का ते?

३० मार्च, रविवार

आज जलपरीकडे एक खुर्ची नेऊन दिली. आठातली सगळ्यात चांगली, जिचा एकही कोपरा झिजलेला नाही. आईला न सांगता नेली, म्हटलं आश्चर्याचा धक्का देऊ. जलपरी म्हणाली, "अहो ताई, कशाला? ही तर राजाची खुर्ची आहे." मी म्हटलं, माझ्या आईसाठी आहे. खिडकीशी ठेवून आले.

वर आईने विचारलं, "एक खुर्ची कुठे गेली?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी खाली ठेवलीय. आता आरामात बस." ती फडकं आणायला आत गेली. भारावली असणार. मग उरलेल्या सात पुसायला घेतल्या.

४ एप्रिल, शुक्रवार

आई खाली जायची थांबली. विचारलं तर म्हणाली, "त्या मुलीला झोपायचं असतं, किती त्रास द्यायचा." काहीतरी बिनसलं असावं दोघींचं. मधे पडणं बरं नाही.

तिची बोटं सुजली आहेत. तेलाने होतं का? मी म्हटलं, या रविवारी मी पुसते. तर म्हणाली, "तुला नाही जमायचं. कोरीव कामात तेल साचतं." हे मात्र खरं आहे.

६ एप्रिल, रविवार

दादा एकटाच आला होता, कामाने. हॉल पाहून खूश झाला. "अगदी घर वाटतंय गं! डोळे मिटले तर बाबा आत पेपर वाचताहेत असं वाटेल." मग टेबलाच्या टोकाला बाबांच्या खुर्चीत बसला आणि हाक मारली, "आई, चहा!"

आईने चहा आणला. मग अंडी केली. मग पाव भाजून आणला. मग पुन्हा चहा. मी दोनदा म्हटलं, आई, बस ना. दोन्ही वेळा ती म्हणाली, "आलेच." दादा बोलता बोलता एकदम रडला. रुमाल काढून डोळे पुसले आणि म्हणाला, बरं वाटलं. मला त्याचा हेवा वाटला. माझ्या डोळ्यांत काही येईना. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात विचार करत होते की काचेच्या कपाटाचं बिजागर सैल झालंय, सुताराला सांगायला हवं.

जाताना म्हणाला, "तू केलंस ते खरंच मोठं काम आहे. आईचं सगळं तिच्याभोवती राहिलं."

११ एप्रिल, शुक्रवार

आई चार दिवस मावशीकडे जाते म्हणाली. मावशी तिची धाकटी बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत एकटी राहते. एक खोली म्हणजे एकच. मी म्हटलं, "तिथे तुम्ही दोघी मावणार कशा?" आई म्हणाली, "मावू."

सुटकेस भरायची गरजच पडली नाही. उचलली आणि निघाली.

१६ एप्रिल, बुधवार

चार दिवस झाले. फोन केला. आई म्हणाली, "अजून दोन दिवस राहते." मागे मावशी कशावर तरी मोठ्याने हसत होती आणि आईही हसली. आई हसली की तिचा आवाज बारीक होतो, हे मी विसरले होते.

घरी आल्यावर मीही टेबलावर जेवत नाही. सिंकपाशी उभ्या उभ्या उरकते. हॉलमधून अंग आडवं करून जायचा कंटाळा येतो.

२१ एप्रिल, सोमवार

आज मावशीने फोन हातात घेतला. मावशीला आडून बोलता येत नाही. "हे बघ, ती काही परत यायचं म्हणत नाहीये. तुला सांगायला तिची जीभ रेटत नाही, म्हणून मी सांगते. राहू दे तिला माझ्याकडे."

"माझं काय चुकलं?" मी विचारलं.

"तुझं कुठे काय चुकलंय? तू गुणी पोर आहेस," मावशी म्हणाली. माझं वय शेहेचाळीस आहे.

फोन ठेवला आणि छातीत काहीतरी दुखलं. बऱ्याच दिवसांनी दुखलं. आईसाठी म्हणून हे सगळं उभं केलं आणि ती निघून गेली. मी अजून काय करायला हवं होतं?

२३ एप्रिल, बुधवार

लॅबमध्ये घोळ केला. एका बाईंच्या कवळीत डावीकडचे दात उजवीकडे लावले, मेणात बसवताना लक्षातच आलं नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मालकांनी कवळी हातात धरून मला दाखवली, ओरडले नाहीत. "हे बघ, ही बाई आता आयुष्यभर तिरकं हसली असती," म्हणाले. "दोन दिवस सुट्टी घे." मी म्हटलं, सुट्टीत काय करू? ते म्हणाले, "घरी बस." हॉल डोळ्यांसमोर आला आणि मी सुट्टी नको म्हणाले. त्यांनी दिलीच.

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारी दार वाजलं. जलपरी. डोक्यावर खुर्ची उलटी घेतलेली, केसांतून पाणी ठिबकत होतं.

"ताई, ही परत घ्या. रागावू नका."

"का? काय झालं?"

"ही आली आणि काकू यायच्या थांबल्या." तिने खुर्ची खाली ठेवली. "त्या सोमवारी आल्या ना, दार उघडलं, ही दिसली. तिथेच उभ्या राहिल्या. मग पदराने तिच्यावरची धूळ पुसली. मागून, खालून, सगळीकडून. मी म्हटलं, बसा ना. तर म्हणाल्या, नको गं बाई, आणि गेल्या. परत आल्याच नाहीत."

मी तिला आत ये म्हटलं. ती आली आणि हॉलमध्ये उभी राहिली. बसायला आठ खुर्च्या होत्या, पण तीही बसली नाही. "कपडे ओले आहेत," म्हणाली, "डाग पडेल." आणि निघून गेली.

तिच्यामागे मी खुर्च्यांकडे बघत राहिले. मग डोळ्यांपुढे जुनं घर आणायचा प्रयत्न केला आणि आईला एखाद्या खुर्चीवर बसवून पाहायला लागले. बाबा बसलेले दिसतात. आजी दिसते. दादा, मी, शेजारपाजारचे, वसुलीला आलेला माणूससुद्धा बसलेला दिसतो. आई दारात दिसते, हातात काहीतरी घेऊन. बसलेली कुठल्याच रविवारात दिसत नाही. आठवणीत खोट असेल म्हणून फोटो पाहिला. फोटोत सगळे आहेत. दाराच्या चौकटीत एक हात आहे, ताट धरलेला.

२७ एप्रिल, रविवार

मावशीकडे गेले. आज सगळं लिहून ठेवायचंय, जसंच्या तसं.

मावशीच्या खोलीत एक खाट, एक शेगडी, एक खिडकी. खिडकीशी एक खुर्ची. प्लास्टिकची, हातांची, भडक नारिंगी, बागेत ठेवतात तसली. तिच्यात आई बसली होती, पाय खिडकीच्या कट्ट्यावर टाकून. मला पाहून पाय खाली घेतले, पण उठली नाही.

"ही माझी," ती खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाली. "मी घेतली."

"हिने एकटीने जाऊन घेतली," मावशी म्हणाली. "वर मला बसू देत नाही, भवानी."

"देते की. मी उठले की बस."

"तू उठतेस कधी?"

दोघी हसल्या. मी खाटेवर बसले. मग काही सुचेना, म्हणून सरळ विचारलं, "आई, तू त्या खुर्च्यांवर कधी बसलीच नाहीस का?"

मावशीचं हसू गेलं. आईने खिडकीबाहेर पाहिलं. "लग्न होऊन आले तेव्हा तुझी आजी म्हणाली, या पाहुण्यांसाठी आहेत. मग मी वाट बघितली. आज बस म्हणतील, उद्या म्हणतील. कुणी म्हटलं नाही. मग मुलं झाली, कामं वाढली, वेळच नव्हता. मग सवय झाली."

"आणि आजी गेल्यावर?"

"तिथे तुझे बाबा बसायला लागले."

"बाबांनी कधी..."

"त्यांच्या लक्षात आलं नाही गं. वाईट माणूस नव्हता. ताटात पडलं की जेवायचा, मागे वळून बघायचा नाही. आजीला मात्र सगळं दिसायचं. तो आरसा लावला होता ना तिने, बसल्या जागेवरून स्वयंपाकघर दिसायचं त्यात. मी टेकले का, मी खाल्लं का, दूध किती घेतलं. तू तो अगदी तसाच लावलास. तसाच तिरका. मला वाटलं, आता ही पण."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू फोटो चिकटवून, नेम धरून एकेक वस्तू ठेवत होतीस. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच कशात तरी तुझा जीव रमलेला दिसला. म्हटलं हिला हवंय. हिच्यासाठी सोसू या थोडं."

"मला वाटलं तुला हवंय."

"मी नको म्हटलं होतं."

"तीनदा विचारलं तुला!"

"तीनदा नको म्हटलं की," आई म्हणाली.

मावशीने कपाळाला हात लावला. "तुमच्या त्या घरात सगळे येडे आहेत," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

निघताना मी आईला म्हटलं, "घरी चल. तुझ्यावाचून मला..." पुढचं आलं नाही.

आई म्हणाली, "यायला काय, येईन. माझी खुर्ची ठेवायला जागा आहे का तुझ्याकडे?"

मी आमचा हॉल डोळ्यांसमोर आणला. इकडून पाहिला, तिकडून पाहिला. "नाही," मी म्हणाले.

"बघ मग," आई म्हणाली.

१ मे, गुरुवार

दादाला फोन केला. सामान काढतेय म्हटलं. तो एवढा चिडला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "आजोबांच्या खुर्च्या! हत्ती! घरातली वस्तू घराबाहेर जाणार? तुला काही वाटत नाही का?"

"तू घेतोस का?"

त्याचा आवाज एकदम खाली आला. "तुझ्या वहिनीला विचारून सांगतो," म्हणाला. त्यानंतर फोन नाही.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला दिलं नाही, इथे लिहिते. वाटतं. त्या टेबलावर मीही जेवले आहे, गरम गरम, आतून आणून दिलेलं. हत्तीच्या पोटात लपून मी पुस्तकं वाचली आहेत. ते जाताना मला वाईट वाटणार आहे. पण आईशिवाय जेवताना वाटतं तेवढं नाही.

४ मे, रविवार

नाटकांना सामान पुरवणारा एक माणूस आहे, लॅबच्या मालकांच्या ओळखीचा. तो बघायला आला आणि हॉलच्या दारातच विरघळला. प्रत्येक खुर्चीची पाठ कुरवाळली. "काय ठेवलंय हो! कोण घेतं एवढी काळजी हल्ली?" मी म्हटलं, आईने. "त्यांचा जीव असेल यात." मी म्हटलं, जीव नाही, रविवार आहेत.

त्याला ते कळलं नाही, पण त्याने सगळं उचललं. आजीचा पलंगही. त्याचे पाय कापलेले पाहून मात्र हळहळला. हत्ती या वेळी वळणावर अडकला नाही. खाली टेम्पोत आरसा चढवताना त्यावरची चादर सरकली आणि त्यात क्षणभर आमची इमारत, जिना, उभी असलेली मी, सगळं दिसलं. मी बाजूला सरकले.

वर आले तर घरात माझ्या चपलांचा आवाज यायला लागला होता. फरशीवर ओरखडे राहिले आहेत. आज रविवार, आणि पुसायला काही नाही. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "सगळं? पलंगसुद्धा?" मग म्हणाली, "तुला त्रास नाही ना झाला?" मी खरं सांगितलं, की थोडा झाला.

११ मे, रविवार

आई आली. टॅक्सीच्या डिकीत खुर्ची मावेना, म्हणून मागच्या सीटवर खुर्ची बसली आणि आई तिला कवेत धरून. जिन्यात मी हात लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे, हलकी आहे." जलपरी खालून ओरडली, "काकू, भारी रंग!" आईने खुर्ची वर करून तिला दाखवली.

आल्या आल्या सुटकेस उघडली आणि कपडे माझ्या पुस्तकांशेजारी जमिनीवरच रचले. मग खुर्ची घेऊन हॉलभर फिरली. आधी खिडकीशी ठेवली, बसली, उठली. मग दाराशी. मग भिंतीला पाठ लावून. प्रत्येक वेळी थोडा वेळ बसून बघायची आणि मान हलवायची. शेवटी अगदी मधोमध ठेवली, जिथे काही म्हणजे काही कारण नाही तिथे, आणि म्हणाली, "इथे बरं आहे."

जेवायला तिने ताट मांडीवर घेतलं. मी समोर जमिनीवर, भिंतीला टेकून.

"पाणी दे गं," आई म्हणाली.

बसल्या जागेवरून तिने कुणाकडे काही मागितलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. मी एवढ्या घाईने उठले की माझं ताट कलंडलं.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "तू पण एक आण की स्वतःला. किती दिवस खाली बसणार?"

"आणते."

"कसली आणशील?"

मी विचार करायला लागले. दिवसभर मी परक्या माणसांच्या दातांचे रंग जुळवते, पांढऱ्यातला पांढरा ओळखते. पण मला कसली खुर्ची आवडते ते मला सांगता येईना. लाकडी की प्लास्टिकची, हातांची की बिनहातांची, कुठल्या रंगाची. डोळ्यांपुढे काहीच येईना. त्या आठच येत होत्या. मी घाबरले. ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "आई, मला माहीतच नाही गं." आणि रडायला लागले. नाक वाहायला लागलं, आवाज बाहेर पडायला लागला, आणि थांबवावं असं वाटेना. त्यात बाबा होते, आई होती, की त्या मेल्या खुर्च्या होत्या, मला सांगता यायचं नाही.

आई उठली नाही. बसल्या जागेवरूनच तिने मला पोटभर रडू दिलं.

"मला तरी कुठे माहीत होतं?" मग म्हणाली. "दुकानात जायचं आणि एकेकीवर बसून बघायचं. सगळ्यांवर. दुकानदार वैतागतो. वैतागू दे."